अंगाच्या उष्णतेवर पेटणारा दिवा : हिवाळी रात्रीच्या पाळीसाठी एक हिशेब

जालना जिल्ह्यातील तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. रब्बीत शेतीपंपाची वीज बऱ्याचदा रात्रीच मिळत असल्यामुळे तिचे वडील गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायला अंधारात जातात. त्यांच्यासाठी कपाळाला बांधता येईल असा, सेल न लागणारा आणि केवळ अंगाच्या उष्णतेवर चालणारा दिवा करता येईल का, असे तिने विचारले आहे. तिने टीईसी१-१२७०६ क्रमांकाचे पेल्टियर मॉड्यूल (दोन बाजूंच्या तापमानात फरक असला की वीज देणारी चपटी चौकोनी वडी) आणून तळहातावर ठेवले, तेव्हा मल्टिमीटरवर सुरुवातीला ९० मिलिव्होल्टच्या आसपास आकडा दिसला. पण काही मिनिटांतच तो १५ मिलिव्होल्टपर्यंत उतरला आणि एलईडी काही लागला नाही. अशी किती मॉड्यूल जोडली म्हणजे दिवा लागेल, हा तिचा नेमका प्रश्न.

निर्णय आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो. अंगाच्या उष्णतेवर दिवा नक्की लागतो. मात्र तो ‘मी इथे आहे’ हे दुसऱ्याला दाखवणारा खुणेचा दिवा असतो. पायाखालची वाट दाखवण्याइतका प्रकाश त्यातून मिळत नाही. तसेच मॉड्यूलची संख्या वाढवणे हा यावरचा उपाय नव्हे, कारण अडचण मॉड्यूलमध्ये नसून मॉड्यूलमधून बाहेर पडलेली उष्णता हवेत जाण्याच्या वाटेत आहे. कमी विजेवर चालणारी मोजमापाची उपकरणे तयार करण्याचे काम मी अनेक वर्षे करतो आहे, आणि या प्रकारच्या प्रकल्पांत विद्यार्थी सर्किटवर महिने घालवतात व हीटसिंककडे, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पात्यांकडे, शेवटच्या आठवड्यात पाहतात, हे मला पुन्हापुन्हा दिसले आहे. खरा क्रम याच्या उलट असावा.

तुम्हाला दिसलेल्या दोन आकड्यांपासूनच सुरुवात करू, कारण त्यांत सगळा विषय आलेला आहे. दोन भिन्न धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानाला ठेवले की त्यांच्या वेढ्यात विद्युतप्रवाह वाहतो, हा परिणाम सीबेक यांना १८२१ मध्ये आढळला. वीज दिली की एक सांधा थंड होतो आणि दुसरा तापतो, ही उलटी बाजू पेल्टियर यांनी १८३४ मध्ये दाखवली. तुमच्या मॉड्यूलमध्ये बिस्मथ टेल्युराइडच्या १२७ जोड्या विजेच्या दृष्टीने एकामागोमाग जोडलेल्या आहेत. अशा मॉड्यूलच्या दोन पृष्ठभागांमध्ये १ अंश सेल्सिअसचा फरक असेल, तर साधारण ५० मिलिव्होल्ट मिळतात. म्हणजे मॉड्यूल हाच एक उत्तम तापमापक आहे. सुरुवातीच्या ९० मिलिव्होल्टचा अर्थ फरक जवळजवळ २ अंशांचा होता, आणि नंतरच्या १५ मिलिव्होल्टचा अर्थ तो ०.३ अंशांवर आला.

हा फरक का उतरला? मॉड्यूल हातावर ठेवले त्या क्षणी त्याची वरची सिरॅमिक पट्टी खोलीइतकीच थंड होती. हाताची उष्णता आरपार जाऊन ती पट्टी तापू लागली, आणि तिच्यातून हवेत फारच थोडी उष्णता निघत असल्यामुळे थोड्याच वेळात वरची बाजू खालच्या बाजूच्या जवळपास येऊन पोहोचली. आकड्यांत सांगायचे तर ४ सेंटिमीटर चौरसाची, म्हणजे १६ चौरस सेंटिमीटरची सपाट पट्टी स्थिर हवेत दर अंशाला सुमारे ०.०१६ वॅट उष्णता सोडते. उलट बाजूने पाहिले, तर १ वॅट उष्णता बाहेर टाकण्यासाठी तिला हवेपेक्षा जवळजवळ ६० अंश अधिक तापावे लागेल. मॉड्यूलचा स्वतःचा उष्णतारोध, म्हणजे १ वॅट उष्णता आरपार जायला लागणारा तापमानाचा फरक, मात्र २ अंश प्रति वॅटच्या आसपास आहे. त्वचा ३३ अंश आणि खोली २३ अंश असेल, तर मधल्या १० अंशांपैकी मॉड्यूलच्या वाट्याला ६२ भागांतले २ भाग, म्हणजे ०.३ अंश येतात. तुमच्या मल्टिमीटरने नेमके हेच दाखवले आहे. तुमचे मॉड्यूल खराब नाही आणि मापनही चुकलेले नाही.

आता संख्येचा प्रश्न. पांढऱ्या एलईडीला प्रकाशमान व्हायला साधारण २.७ व्होल्ट लागतात. १५ मिलिव्होल्टची मॉड्यूल नुसती जोडत गेलो, तर १८० मॉड्यूल लागतील आणि ती अंगावर ठेवायला पावचौरस मीटरहून अधिक जागा लागेल. ही वाट सोडून द्यावी.

उष्णतेची वाट सुधारण्याकडे वळू. शरीराच्या आतून त्वचेपर्यंत आणि त्वचेपासून मॉड्यूलपर्यंत एक रोध असतो, मॉड्यूलचा स्वतःचा एक, आणि हीटसिंकपासून हवेपर्यंतचा एक. हे तिन्ही एकामागोमाग आहेत, त्यामुळे एकूण फरक त्यांच्यात रोधांच्या प्रमाणात वाटला जातो, आणि आपल्याला वीज फक्त मधल्या वाट्यातून मिळते. त्वचेच्या बाजूला मॉड्यूलपेक्षा मोठी, ४० चौरस सेंटिमीटरच्या आसपास क्षेत्रफळाची, कपाळाच्या वळणानुसार हलकी वाकवलेली अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी ठेवली, मॉड्यूल बसते तेवढा मधला भाग सपाट राखला आणि बाहेरच्या बाजूला पात्यांचा हीटसिंक लावला, तर अंगाकडचा रोध १५, मॉड्यूलचा २ आणि हीटसिंकचा १८ अंश प्रति वॅट असे धरणे व्यवहाराला धरून होईल. परभणी-जालन्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० ते १२ अंशांपर्यंत सहज उतरतो. त्वचा ३२ आणि हवा १२ अंश घेतली, तर एकूण फरक २० अंश आणि एकूण रोध ३५. त्यामुळे उष्णतेचा प्रवाह ०.५७ वॅट आणि मॉड्यूलवरचा फरक १.१ अंश येतो. म्हणजे ५७ मिलिव्होल्ट. मॉड्यूलचा अंतर्गत विद्युतरोध सुमारे २ ओहम असल्याने त्यातून जास्तीत जास्त ०.४ मिलिवॅट वीज काढता येईल.

येथे एक गोष्ट मनावर ठसली पाहिजे. व्होल्टेज तापमानाच्या फरकाच्या प्रमाणात बदलते, पण मिळणारी शक्ती फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. हाच दिवा २७ अंशांच्या खोलीत तपासला, तर एकूण फरक ५ अंशांचा, म्हणजे चौथा हिस्सा राहील, आणि शक्ती सोळावा हिस्सा होईल. म्हणून प्रदर्शनाच्या बंद सभागृहात न लागलेला दिवा शेताच्या बांधावर लागू शकतो.

मॉड्यूलची निवड आणि मांडणी याबाबत जो सल्ला सर्रास दिला जातो, तो या कामात उपयोगी पडत नाही. एकाच हीटसिंकखाली दोन मॉड्यूल शेजारी-शेजारी ठेवली, तर मधला रोध निम्मा होतो, प्रत्येकावरचा फरक जवळजवळ निम्मा होतो, आणि दोघांची बेरीज पुन्हा तेवढीच येते. तीच दोन मॉड्यूल एकावर एक ठेवली, मध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर दिला आणि तारा एकामागोमाग जोडल्या, तर प्रत्येकावरचा फरक फारसा कमी होत नाही आणि व्होल्टेज व शक्ती दोन्ही जवळजवळ दुप्पट होतात. कारण साधे आहे : बाहेरचा रोध तीसच्या पुढे असताना मधला २ चा ४ झाल्याने एकूण प्रवाहात नगण्य घट होते. हाच लाभ एकाच मॉड्यूलमध्ये हवा असेल, तर १२७०६ ऐवजी १२७०३ घ्यावे. त्यातही १२७ जोड्याच असतात, पण तो ६ ऐवजी ३ अँपिअरसाठी बनवलेला असल्याने त्याचा उष्णतारोध आणि विद्युतरोध दोन्ही सुमारे दुप्पट असतात. वरच्याच उदाहरणात त्यावर २.२ अंशांच्या आसपास फरक पडेल आणि १०० मिलिव्होल्टहून थोडे अधिक मिळेल. शक्ती ०.७ मिलिवॅटपर्यंत जाईल. वीजनिर्मितीसाठी म्हणून विकली जाणारी महागडी मॉड्यूल घेण्याचे कारण नाही. त्यांचा मुख्य गुण २०० अंशांच्या वरही आतले सोल्डरचे डाग न वितळणे हा आहे, आणि कपाळावर त्याचा काहीच उपयोग नाही.

आता हे १०० मिलिव्होल्ट वाढवायचे कसे? एका ट्रान्झिस्टरवर चालणारे ‘ज्यूल थीफ’ नावाचे सर्किट अनेकांच्या ओळखीचे असते, आणि संपत आलेल्या सेलवर एलईडी लावण्यासाठी ते उत्तमही आहे. परंतु सिलिकॉन ट्रान्झिस्टर सुरू व्हायलाच अर्ध्या व्होल्टच्या पुढे लागत असल्याने येथे ते जागचे हलणार नाही. या कामासाठी १:१०० प्रमाणाचा छोटा ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्याशी जुळवलेली चिप लागते. लिनियर टेक्नॉलॉजीने काढलेली आणि आता अ‍ॅनालॉग डिव्हायसेसकडे असलेली एलटीसी३१०८ ही अशी चिप २० मिलिव्होल्टपासून सुरू होते आणि २.३५, ३.३, ४.१ किंवा ५ व्होल्ट यांपैकी निवडलेले व्होल्टेज देते. ट्रान्सफॉर्मरसह तयार बोर्ड मिळतात, तेच घ्यावेत. इतक्या बारीक चिपचे डाग घरी देण्यात वेळ घालवू नये. मात्र हे २० मिलिव्होल्ट चिपच्या टोकांवर, भार लागलेला असताना मोजायचे असतात. चिपचा आतला रोध २-३ ओहमच्या घरात असल्याने मॉड्यूलचे मोकळे (काहीही न जोडता मोजलेले) व्होल्टेज तिच्याशी जोडताच अर्ध्याहून खाली येते. त्यामुळे मोकळ्या तारांवर ५० मिलिव्होल्टपेक्षा कमी दिसत असेल, तर चिप सुरू झाली तरी हाती फारसे लागत नाही. शिवाय इतक्या कमी व्होल्टेजवर ही चिप आलेल्या शक्तीपैकी एक-तृतीयांशाच्या आसपासच पुढे देते. ०.७ मिलिवॅटमधून आपल्या हाती सुमारे ०.२ मिलिवॅट, म्हणजे २०० मायक्रोवॅट उरतील, असे धरून चालू.

२०० मायक्रोवॅट म्हणजे किती, हे ठरवताना मोह आवरावा लागतो. बाजारातल्या साध्या हेडलॅम्पचा एलईडी १ वॅटचा असतो. आपल्याकडे त्याचा ५,००० वा हिस्सा आहे. सतत लावला, तर चांगल्या प्रतीचा एलईडी ७०-८० मायक्रोअँपिअरवर अंधारात स्पष्ट दिसतो, पण त्याच्या प्रकाशात दुसरे काही दिसत नाही. म्हणून मी तो सतत न लावता लुकलुकता ठेवायला सांगेन. एका सेकंदात साठणारी २०० मायक्रोज्यूल ऊर्जा २० मिलिसेकंदांत सोडली, तर तेवढ्या क्षणापुरते १० मिलिवॅट मिळतात, म्हणजे ३.३ व्होल्टवर ३ मिलिअँपिअर. आणि इतक्या विजेवरची लुकलुक मोकळ्या शिवारात चांगल्या अंतरावरून डोळ्यांत भरते. हिरव्या एलईडीला डोळा अधिक संवेदनशील असतो, त्यामुळे शेतात एकमेकांना दिसण्यासाठी हिरवा आणि २२० ओहमचा रोध घ्यावा. रस्त्याने चालताना पाठीमागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला दिसायचे असेल, तर लाल घ्यावा आणि रोध ४७० ओहमचा ठेवावा, कारण लाल रंगाचा अर्थ वाहनचालकाला विचार न करता कळतो. साखर कारखान्यांच्या हंगामात रात्री उसाची वाहतूक चालणाऱ्या रस्त्यांवर या खुणेची किंमत मोठी आहे.

साठवणुकीसाठी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुरतो. तो ३.३ व्होल्टपर्यंत भरायला अडीच मिलिज्यूल लागतात, म्हणजे हिशेबाने १३ सेकंद आणि प्रत्यक्षात गळतीमुळे त्याहून थोडे अधिक. पुष्कळ जण उत्साहाने १ फॅरडचा सुपरकपॅसिटर लावतात. तो २०० मायक्रोवॅटवर भरायला साडेसात तास लागतील, आणि तोवर वडिलांची पाळी संपून पहाट झालेली असेल. लुकलुक घडवण्यासाठी नेहमीचा ५५५ टायमर चालणार नाही, कारण तो स्वतःच काही मिलिअँपिअर घेतो, म्हणजे आपल्या सगळ्या मिळकतीच्या कित्येक पट. एटीटायनी८५ सारखा छोटा मायक्रोकंट्रोलर झोपेच्या अवस्थेत, वॉचडॉग (त्याला ठरावीक वेळाने जागा करणारा आतला टायमर) चालू ठेवून, ५ मायक्रोअँपिअरच्या आसपास घेतो. तेवढे आपल्याला परवडते.

येथे विद्यार्थिनीला एक गोष्ट स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य समजतो. एका अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये सुमारे ३ वॅट-तास ऊर्जा असते. आपला दिवा २०० मायक्रोवॅटवर चालतो, म्हणजे तो सेल जितकी ऊर्जा देतो, तितकी अंगातून काढायला सुमारे १५,००० तास, म्हणजे अखंड चालवून दीड वर्षाहून जास्त काळ लागेल. आणि रात्रीच्या शिवारात दारे धरताना नाग, घोणस, मण्यार पायाखाली येण्याचा धोका खरा आहे. त्यासाठी वडिलांच्या हातात चार्ज होणारी चांगली बॅटरी (टॉर्च) आणि पायांत गमबूटच हवेत. कपाळावरचा दिवा त्या बॅटरीची जागा घेऊ शकत नाही, आणि प्रकल्पाच्या कौतुकात घरच्यांनी तसा समज करून घेता कामा नये. या दिव्याचे मोल वेगळ्या ठिकाणी आहे. तो विसरता येत नाही, त्याचा सेल संपत नाही, बांधला की काही मिनिटांत आपोआप सुरू होतो आणि काढला की बंद होतो. हातातली बॅटरी चिखलात पडली किंवा उतरली, तरी शेजारच्या शेतातल्या माणसाला आपला माणूस कुठे आहे हे दिसत राहते.

या दिशेने आधी झालेली कामेही हेच सांगतात. सेइकोने १९९८ मध्ये मनगटाच्या उष्णतेवर चालणारे ‘थर्मिक’ घड्याळ काढले, ते चालले, कारण घड्याळाला मायक्रोवॅटच पुरतात. कॅनडातील अ‍ॅन माकोसिन्स्की या शाळकरी मुलीने तळहाताच्या उष्णतेवर चालणारी पोकळ नळीची बॅटरी करून २०१३ च्या गूगल सायन्स फेअरमध्ये आपल्या वयोगटाचे पारितोषिक मिळवले. त्या रचनेत मला सर्वांत शिकण्यासारखी वाटते ती आतली पोकळ अ‍ॅल्युमिनियमची नळी, कारण तिच्यामुळे मॉड्यूलच्या थंड बाजूला हवा खेळती राहते.

हीटसिंक निवडताना जुन्या संगणकातला दाट पात्यांचा उचलून आणू नका. तो पंख्याच्या वाऱ्यासाठी बनवलेला असतो. स्थिर हवेत त्याच्या पात्यांमधली हवा अडून बसते. पाती ६ ते ८ मिलिमीटर अंतरावर असावीत आणि डोक्यावर बांधल्यावर ती उभी राहावीत, म्हणजे तापलेली हवा वर निघून जाईल. काळा अ‍ॅनोडाइज केलेला सिंक घ्यावा. इतक्या कमी तापमानफरकावर उष्णतेचा मोठा भाग प्रारणाने बाहेर पडतो, आणि चकचकीत अ‍ॅल्युमिनियम त्या बाबतीत अगदीच कच्चे असते. वजन दीडशे ग्रॅमच्या आत राहिले पाहिजे, नाहीतर तासाभरात पट्टा कपाळाला काचू लागतो. स्क्रू नायलॉनचे वापरा आणि पट्टी आणि सिंक यांच्यामधल्या उघड्या जागेत फोम भरा, म्हणजे उष्णता मॉड्यूलला वळसा घालून जाणार नाही. घामाने तारांचे सांधे गंजतात, म्हणून मॉड्यूलच्या चारही कडांना सिलिकॉन सीलंट लावा.

कपाळाची तुमची निवड योग्य आहे. थंडीत हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मनगट गार पडते. कपाळावर हा परिणाम कमी होतो. पण हिवाळ्यात माणूस कानटोपी घालतो किंवा मफलर गुंडाळतो, आणि हीटसिंक त्याच्याखाली गेला की दिवा विझलाच. पट्टा कानटोपीच्या आतून आणि सिंक तिच्या बाहेर, अशी खाच टोपीलाच शिवून घ्यावी. एलईडी मात्र सिंकजवळ असण्याची गरज नाही. बारीक तार मागे नेऊन तो मानेच्या वर लावला, तर पाठीमागूनही दिसतो. चालताना सिंकवरून वारा जातो, त्याचा रोध बराच उतरतो आणि लुकलुक जलद ठेवता येते. बांधावर बसून राहिल्यावर ती मंदावते.

उन्हाळ्याचे काय? एप्रिल-मेच्या दुपारी मराठवाड्यात हवा ४० अंशांच्या पुढे, म्हणजे त्वचेपेक्षा गरम असते. उष्णता उलट दिशेने वाहू लागते, व्होल्टेजची टोके बदलतात आणि एलटीसी३१०८ बंद राहते; दोन्ही दिशांनी चालणारी एलटीसी३१०९ घेतली तरच काही हाती येते. पण या कोरड्या हवेचाच एक उपयोग आहे, आणि तो करून पाहावा असे मला मनापासून वाटते. सिंकच्या पात्यांवर सुती कापड गुंडाळून ते ओले ठेवले, तर माठातल्या पाण्याप्रमाणे बाष्पीभवनाने ते गार होते. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या कापडाचे तापमान २२-२३ अंशांपर्यंत उतरू शकते, आणि त्यासाठी तासाला काही ग्रॅम पाणी पुरते. त्वचा ३४ धरली, तर भर उन्हाळ्यातही सुमारे ११ अंशांचा फरक हाती येतो. पावसाळ्यात, हवा ओलसर असताना, हा उपाय निकामी ठरतो.

आता तपासणीचा क्रम सांगतो. एलटीसी३१०८ चा बोर्ड मागवण्याआधी पट्टी, १२७०३ मॉड्यूल आणि सिंक एवढेच जोडून पट्टा कपाळाला बांधा आणि थंड रात्री अंगणात २० मिनिटे बसा, म्हणजे तापमान स्थिरावेल. त्याआधीचा आकडा वहीत लिहूच नका. मग मोकळ्या तारांवरचे व्होल्टेज मोजा, त्यानंतर तारांना २.७ ओहमचा रोध जोडून पुन्हा मोजा. भारासहित ३० मिलिव्होल्ट किंवा अधिक मिळत असतील, तर बोर्ड मागवा. त्याहून कमी असतील, तर सिंकला हातपंख्याने वारा घालून पाहा : आकडा झपकन वर गेला, तर सिंक अपुरा आहे, फारसा हलला नाही, तर पट्टी कपाळाला नीट टेकलेली नाही किंवा पेस्टचा थर जाड झाला आहे. हीच मापे एकदा कानटोपी घालून आणि एकदा शेतात चालताना घ्या, आणि प्रत्येक मापाशेजारी हवेचे तापमान लिहा.